बाराशिंग्यांचं माहेर

कान्ह्याला जाऊन आलो असं सांगितलं, की समोरच्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला. "वाघ दिसला का?" दिसला म्हणावं तर पैसे वसूल, नाही म्हणावं तर लगेच चेहऱ्यावर 'अरेरे!'. जसं काही एवढं मोठं जंगल फक्त त्या एका पट्टेवाल्यासाठीच देवानं मांडून ठेवलं आहे!

तर मैत्रिणींनो, आम्हांला वाघ दिसला. शेपटीकडून, आणि मोजून अर्धा मिनिट. एवढं सांगून वाघाचा विषय मी इथेच मिटवते. मला तुम्हांला सांगायचं आहे ते बाराशिंग्याबद्दल. कारण वाघ आणखीही चार जंगलांत भेटेल. पण कठीण जमिनीवर राहणारा हा बाराशिंगा एके काळी साऱ्या जगात फक्त कान्ह्यात उरला होता. आणि उरला होता म्हणजे किती? १९७० साली मोजदाद झाली तेव्हा अवघे ६६. आपल्या शाळेतल्या एका वर्गातसुद्धा कधीकधी याहून जास्त मुलं कोंबलेली असतात!

आज ते हजाराच्या वर आहेत. ही वाढ कशी झाली, कुणी केली आणि तिची किंमत कुणी मोजली, हे मी त्या चार दिवसांत थोडं पाहिलं, थोडं ऐकलं आणि घरी आल्यावर बरंचसं वाचलं. ते तुमच्यापर्यंत पोचवावं म्हणून हा लेखप्रपंच.

जायचं कसं?

आम्ही निघालो वर्ध्याहून, नाताळच्या सुट्टीत. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. "एवढ्या थंडीत त्यांना कशाला?" असं शेजारपाजारच्या चौघींनी विचारलं. सासूबाईंनीच परस्पर उत्तर दिलं, "मी काय लोणचं आहे, बरणीत झाकून ठेवायला?"

नागपूरहून भंडारा, गोंदिया, बालाघाट, बैहर आणि मग मुक्कीचं प्रवेशद्वार. नागपूरपासून साधारण अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. रेल्वेनं जायचं तर गोंदियाला उतरून पुढे गाडी करावी. दुसरी वाट सिवनी-मंडल्याच्या बाजूनं खटिया-किसलीच्या फाटकाला जाते. आम्ही मुक्की निवडली, ती वाटेत वैनगंगा लागते म्हणून. बालाघाट वैनगंगेच्या काठी वसलेलं आहे. हीच नदी पुढे आपल्या भंडारा-चंद्रपुराकडे येते. बालाघाट सोडलं की रस्ता घाट चढू लागतो, आणि वर पोचलं की नदीचं माहेर-सासर बदलतं बरं का! खालचं पाणी वैनगंगेतून गोदावरीकडे जाणारं, तर कान्ह्याच्या जंगलातली बंजर नदी मंडल्यापाशी नर्मदेला मिळणारी. मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक म्हणून जी रेघ असते, ती अशी चाकांखालून निघून जाते.

आपल्याकडच्या वाचकांना आणखी एक गंमत सांगते. १९५५ साली कान्हा राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. म्हणजे हे जंगल आपल्याला काही अगदी परकं नाही.

गोठलेली पहाट

जंगलात शिरायचं तर पहाटे साडेपाचला उठावं लागतं. डिसेंबरमध्ये कान्ह्याची थंडी काय असते ते शब्दांत सांगणं कठीण. खोलगट कुरणांवर तर पारा शून्याच्या आसपास येतो आणि दव गवतावर गोठून बसतं. उघड्या जिप्सीत वारा असा लागतो, की दोन स्वेटर, शाल, कानटोपी आणि वर घोंगडी हा सगळा संसार अंगावर असूनही दात वाजतात. सासूबाईंनी स्वेटरच्या आत वर्तमानपत्राचा कागद घातला होता. मी हसले खरी, पण त्या आमच्या सर्वांपेक्षा कमी कुडकुडल्या. ही युक्ती ध्यानात ठेवा.

साल वृक्षांच्या उंच, सरळ रांगांमधून रस्ता जातो. सूर्य वर आला नसला तरी आत एक हिरवट उजेड असतो. मग एका वळणावर एकदम झाडी संपते आणि समोर पिवळ्या गवताचं लांबच लांब मैदान उघडतं. त्यावर धुक्याची पातळ दुलई. आणि त्या दुलईतून वर आलेली शिंगं!

पहिल्यांदा मला वाटलं, वाळलेल्या फांद्या आहेत. मग एक फांदी वळली. तिच्याखाली लांबट तोंड, गळ्याशी दाट आयाळीसारखे केस आणि गाईसारखे शांत डोळे. एक नव्हे, वीस-पंचवीस नर, आणि त्यांच्याभोवती माद्यांचा मोठा कळप. कुणी चरत होतं, कुणी बसून रवंथ करत होतं. आमच्या गाडीत पाच माणसं आणि दोन मुलांची चार न संपणारी भांडणं होती. त्या सगळ्यांची वाचा एकदम बसली.

हरणांची नावं पुष्कळदा एकमेकांत मिसळतात. माझ्या वर्गातल्या मुलांना मी नंतर फळ्यावर असं लिहून दिलं : चितळ म्हणजे ठिपक्यांचं, सडपातळ, झाडाखाली पडलेली फुलं-पानंही आवडीनं खाणारं. सांबर म्हणजे मोठं, काळपट, दाट झाडीत राहणारं. त्याच्या शिंगाला बहुधा तीनच टोकं. आणि बाराशिंगा म्हणजे पिवळसर तपकिरी, उघड्या कुरणात राहणारा, फांद्या फुटलेल्या शिंगांचा. नाव बाराशिंगा असलं तरी टोकं दहा ते चौदा, कधी त्याहूनही जास्त असतात. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन पावणेदोनशे किलोच्या घरात जातं.

या बाराशिंग्याचे भाऊबंद उत्तर प्रदेशात दुधव्याच्या दलदलीत आणि आसामात काझीरंग्याला आहेत. पण त्यांचं राहणं पाणथळ जागी. दुधव्याकडच्याचे खूर चिखलात रुतू नयेत असे पसरट असतात. कान्ह्याच्या बाराशिंग्याचे खूर मात्र घट्ट, जुळलेले, कठीण जमिनीवर चालायला योग्य असे. म्हणूनच हा गेला असता तर त्याच्या जागी दुसरा आणून बसवता आला नसता.

वर्षाचं वेळापत्रक

आमचं नशीब असं, की आम्ही नेमके त्यांच्या लगीनघाईत जाऊन पोचलो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत हा यांचा माजाचा काळ. एरवी पांगलेले कळप या दिवसांत मोठ्या कुरणांवर एकत्र येतात. नर चिखलाच्या डबक्यात लोळून अंग काळं करून घेतात. आणि त्याहून मजा म्हणजे, शिंगांनी गवत उपटून ते तसंच डोक्यावर मिरवत फिरतात! एका नराच्या शिंगांत गवताचा असा झुबका लोंबत होता, की धाकटी ओरडली, "आई, मुंडावळ्या!" गाईडला मुंडावळ्या म्हणजे काय ते समजावून सांगताना आमच्या 'ह्यां'ची हिंदी पार थकली.

त्यांची हाकही ऐकली. सुरुवात गाढवाच्या ओरडण्यासारखी, मग सूर लांबत जातो आणि हळूहळू धुक्यात विरतो. दूरच्या कुरणावरून दुसरा उत्तर देतो. प्रत्येक वेळी झुंज होतेच असं नाही. पुष्कळदा मोठा नर मान उंच करून नुसता चालत येतो, आणि समोरचा समजूतदारपणे बाजूला होतो. घराघरांतही अशानं कितीतरी भांडणं टळतील, नाही का?

हंगाम सरला की ही मोठी शिंगं गळून पडतात. हो, दरवर्षी! गाई-म्हशींसारखी ती जन्मभराची नसतात. पावसाळ्यात मखमलीसारख्या सालीखाली नवी वाढतात आणि थंडीपर्यंत पुन्हा टणक होतात.

उन्हाळ्यात कळप पाण्याच्या आसऱ्यानं राहतात. पाऊस पडला की मोठी मैदानं सोडून ते उंच गवताच्या भागांत पांगतात. आता खरी महत्त्वाची गोष्ट ऐका. मादी सुमारे आठ महिने गाभण असते. म्हणजे पौषाच्या आसपास जुळलेली जोडी भाद्रपद-आश्विनात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला फळते. त्या वेळी मादी कळपातून बाजूला होते आणि उंच, दाट गवतात जाऊन एकच पाडस देते. पहिले काही दिवस ते पाडस गवतात निपचित पडून असतं. आई चरायला जाते, येऊन पाजते, पुन्हा जाते. त्या पाडसाला पळता येत नाही, लढता येत नाही. त्याचं सगळं संरक्षण म्हणजे भोवतीचं गवत.

गाईडनं हे सांगितलं तेव्हा सासूबाई पटकन म्हणाल्या, "मग! बाळंतिणीला आडोसा हवाच की." मोठमोठ्या शास्त्रज्ञांना जे शोधायला काही वर्षं लागली, ते हेच होतं असं मला पुढे वाचताना कळलं.

तीन हजारांचे सहासष्ट

१९३८ च्या सुमाराला कान्ह्याच्या परिसरात सुमारे तीन हजार बाराशिंगे असावेत असा अंदाज आहे. १९५३ मध्ये ते साडेपाचशेच्या घरात आले. आणि १९७० मध्ये ६६. म्हणजे राष्ट्रीय उद्यान होऊन पंधरा वर्षं झाल्यावरही हा प्राणी कमीच होत गेला होता.

शिकार तर झालीच होती. पण शिकारीवर बंदी आल्यावरही ते वाढेनात, हे कोडं होतं. १९६३ ते १९६५ या काळात जॉर्ज शॅलर हे शास्त्रज्ञ कान्ह्यात राहून हरणांचा आणि वाघांचा अभ्यास करीत होते. १९६७ साली निघालेलं त्यांचं 'द डिअर अँड द टायगर' हे पुस्तक त्यातूनच झालं. पाडसं फार कमी दिसतात हे त्यांनी नोंदवलं. गुरांमध्ये गर्भपात घडवणारा रोग बाराशिंग्यांना लागला असावा, अशीही एक शंका तेव्हा होती. मग १९७१ ते १९७३ मध्ये क्लॉड मार्टिन हे स्विस संशोधक तिथे राहिले. पुढे हेच गृहस्थ जागतिक वन्यजीव निधीचे महासंचालक झाले. त्यांनी बाराशिंग्यांच्या मागे वर्षभर फिरून पाहिलं आणि बोट ठेवलं ते गवतावर.

बघा, चितळाला गवत नाही मिळालं तर ते पानं खाईल, फुलं खाईल. बाराशिंगा जवळजवळ फक्त गवतावर जगतो. आणि त्याला नुसतं खायला गवत पुरत नाही, लपायला उंच गवतही लागतं. कान्ह्यात काय होत होतं? मैदानांवर गावांची गुरं चरत. दरवर्षी गवताला आग लावली जाई, म्हणजे कोवळा फुटवा येतो. जंगलातल्या सपाट, सुपीक जागा शेतीखाली होत्या. खाणं कसंबसं मिळत होतं. पण पाडस लपवायला उंच गवत शिल्लक नव्हतं. पाडसं जन्मत होती, ती उघड्यावर. आणि उघड्यावरचं पाडस कोल्ह्यापासून वाघापर्यंत कुणाचंही.

आपण म्हणतो, मारू नका म्हणजे झालं. पण नुसतं न मारल्यानं कुणी जगत नाही. त्याला बाळंतपणाला जागा लागते.

कुंपण आणि गवत

मग काय केलं? उपाय ऐकायला अगदी साधे आहेत. एक म्हणजे, वाघ-बिबट्या शिरणार नाही असं मजबूत कुंपण घालून कुरणाचा एक तुकडा बंद केला आणि थोडे बाराशिंगे आत ठेवले. आत पाडसं निर्धास्त वाढली, त्यांतली पुढे बाहेर सोडली. दुसरं म्हणजे, कुरणांना सरसकट आग लावणं थांबवलं. तिसरं, गुरांची चराई बंद केली. चौथं, पाण्याची सोय केली. यातलं एकही काम एका वर्षाचं नव्हे. अजूनही दरवर्षी कुरणातलं तण उपटावं लागतं, रानझुडुपं काढावी लागतात, नाहीतर जंगल हळूहळू कुरण गिळून टाकतं. गृहिणींना हे वेगळं सांगायला नको. घर एकदा आवरलं म्हणजे कायमचं आवरलेलं राहत नाही!

आणि पाचवी गोष्ट. तीच सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत अवघड. जंगलाच्या आतली गावं बाहेर हलवली. १९७० च्या सुमाराला सोंफ नावाचं गाव उठलं. त्याच्या शेतांवर गवत वाढलं, काही वर्षांत उंच झालं, आणि बाराशिंग्यांनी ती जागा आपणहून शोधून काढली. सोंफचं कुरण आज त्यांचं पाडसं वाढवण्याचं एक मोठं ठिकाण आहे. त्या दशकात अशी वीसेक गावं हलवली गेली. पुढे आणखीही हलली.

गाईडनं जिप्सी थांबवून एका कुरणाच्या कडेला बोट दाखवलं. "वो आम के पेड़ देख रहे हैं? आम जंगल में अपने आप लाइन से नहीं उगता." खरंच, गवतात चार-पाच जुने आंबे एका रांगेत उभे होते. कुणीतरी अंगणाच्या कडेला लावलेले. घर नाही, चूल नाही, पण आंबे राहिले.

ज्यांची घरं उठली

आम्ही उतरलो होतो त्या ठिकाणी स्वयंपाकाला एक बैगा बाई होती. वय माझ्याएवढंच, तिशी-पस्तिशीचं. दुपारी जंगलातून आल्यावर मी आणि सासूबाई चुलीपाशी जाऊन बसायचो. ऊब मिळायची, गप्पा व्हायच्या. एकदा मी सहज विचारलं, "तुझं माहेर कुठलं?" तिनं जवळच्या एका गावाचं नाव सांगितलं. मग म्हणाली, "लेकिन मेरी सास का मायका जंगल के अंदर था. अब वहाँ बारासिंगा रहता है."

दुसऱ्या दिवशी ती सासूला घेऊन आली. म्हातारीच्या कपाळावर, हातांवर, पायांवर गोंदण. बैगा बायकांत गोंदणाला फार महत्त्व. मेल्यावर बरोबर येणारा हा एकच दागिना, असं त्या म्हणतात. तिची बोली मला निम्मी कळली, निम्मी सुनेनं सांगितली. ती लहान असतानाच गाव उठलं. बाहेर जमीन मिळाली. बैल, बैलगाड्या, कोंबड्या, दाराच्या चौकटी, सगळं घेऊन माणसं निघाली. चौकटी कशाला नेल्या? तर लाकूड चांगलं होतं. नव्या जागी पाणी लांब होतं. जंगल लांब होतं. आणि बैगा माणसाला जंगल म्हणजे बाजार, दवाखाना आणि देऊळ, सगळं एकाच जागी. पूर्वी हे लोक नांगर धरीत नसत. धरतीमातेचं अंग फाडायचं नाही म्हणून. जंगल जाळून राखेत बी टाकायचं, त्याला बेवर म्हणतात. ते इंग्रजांच्या काळातच आवळत आणलं होतं. मग गावही गेलं.

सासूबाईंनी तिला विचारलं, "परत कधी गेलात?" म्हातारी म्हणाली, एकदाच, नातवाच्या ओळखीनं गाडीत बसून. तिनं घराची जागा ओळखली, ती महुआच्या झाडावरून. "और वहाँ हिरनी बैठी थी," ती म्हणाली. राग आला का, असं मी विचारलं. ती बराच वेळ चुलीकडे बघत बसली. मग म्हणाली, तिचं मूल होतं बाजूला, गवतात. मग राग कसा येईल? पण डोळे भरून आले, ते आले.

मी तिच्यासमोर काय बोलणार? आपल्याकडे मुलगी लग्न होऊन जाते तेव्हा माहेर सुटतं. पण ते जागेवर असतं. आई दारात उभी असते, निदान भाऊ-भावजय असतात. कोणी नसलं तरी गावाचं नाव असतं, एस्टीच्या पाटीवर लिहिलेलं. या बाईच्या माहेराला तेवढंही राहिलं नाही. त्या गवतात आज दुसऱ्याच आयांची बाळंतपणं होतात. एकीचं माहेर उठलं तेव्हा दुसरीचं वसलं.

मी हे गावं हलवल्याबद्दल कुणाला बोल लावायला लिहीत नाही. ती हलली नसती तर बाराशिंगा आज फक्त चित्रात राहिला असता, हेही तितकंच खरं. पण ६६ चे हजार झाले म्हणून आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा त्या हिशेबात या चुलीही मांडायला हव्यात, एवढंच मला वाटतं. खर्च लिहिल्याशिवाय जमा लिहिली, तर आपण घरच्या वहीलासुद्धा हिशेब म्हणत नाही.

नवी घरं

सगळं घर एकाच खांबावर उभं असलं की काळजी वाटतेच. हजार झाले तरी ते एकाच जंगलात. एखादी साथ आली, मोठी आग लागली, तर? म्हणून २०१५ पासून कान्ह्यातले काही बाराशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेऊन वसवले. होशंगाबाद जिल्ह्याचं नाव आता नर्मदापुरम् झालं आहे, त्या भागातलं हे जंगल. तिथेही पूर्वी गावं होती, त्यांच्या जागी आता कुरणं आहेत. मार्च २०२३ मध्ये बांधवगडला १९ बाराशिंगे नेले. दोन्हीकडे आधी कुंपणात ठेवून मग मोकळं सोडायचं, अशी पद्धत.

यांना नेतात कसं, ते ऐकून मला मोठी मौज वाटली. हरीण फार भित्रं. धरपकड केली तर नुसत्या धसक्यानं मरतं. म्हणून आफ्रिकेतली 'बोमा' नावाची रीत वापरतात. कुरणात तेलाच्या नरसाळ्यासारखं एक आवार उभं करतात, तोंडाशी रुंद, पुढे निमुळतं. बाजूंना पडदे आणि गवत, म्हणजे हरणांना वाटतं झाडीच आहे. कळपाला हळूहळू, न घाबरवता त्यात येऊ देतात. टोकाला गाडी उभी असते; हरणं आपल्या पायांनी चालत गाडीत चढतात. आतही अंधार, गवत आणि पाणी. रात्रीचा प्रवास. नव्या घरी दार उघडून माणसं बाजूला होतात. पाठवणी अशी असावी, नाही का? ओढाताण नाही, आरडाओरडा नाही!

आज बाराशिंगा मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे.

जाणाऱ्या मैत्रिणींसाठी

कान्ह्याला जायचं मनात आलं असेल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

जंगलफेरीचं आरक्षण मध्य प्रदेश सरकारच्या संकेतस्थळावर होतं. सुट्टीच्या दिवसांचं फार आधी भरतं, तेव्हा दिवाळीचा फराळ करतानाच नाताळचा विचार करा. प्रत्येकाचं ओळखपत्र बरोबर हवं. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, आणि आता त्याचं कारण तुम्हांला कळलं असेल. बुधवारी दुपारची फेरी नसते.

कपडे मातकट, हिरवट रंगाचे असावेत. लाल-पिवळे भडक रंग आणि वाजणाऱ्या बांगड्या घरीच. अत्तर, पावडरही नको. थंडीत कानटोपी, हातमोजे आणि जाड मोजे हवेतच. दहा वाजता ऊन चढलं की एकेक थर उतरवता येईल असे कपडे घाला. फिरताना खाली उतरता येत नाही, हे लहान मुलांच्या आयांनी आधीच लक्षात घ्यावं.

खाण्यासाठी आम्ही दुधातल्या दशम्या, तिळाची चटणी आणि गूळपोळ्या नेल्या होत्या. दशम्या चार दिवस मऊ राहिल्या. कागदाचा कपटा किंवा पिशवी मात्र आत टाकायची नाही. प्लॅस्टिक पोटात गेलं तर हरणाला त्यावर औषध नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, गाईडला पहिल्याच मिनिटाला सांगा, की आम्हांला वाघामागे पळायचं नाही, आम्हांला कुरणावर थांबायचं आहे. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग हसेल. बिचाऱ्याला रोज वाघासाठी पळवतात! आम्ही असं सांगितल्यावर त्यानं गाडी कुरणाच्या कडेला लावली, इंजिन बंद केलं आणि तासभर आम्हांला जे दाखवलं, ते पळणाऱ्या एकाही गाडीला दिसलं नाही.

थांबलात तर कळपाच्या कडेनं गवताकडे नीट पाहा. थंडीच्या दिवसांत त्या मोसमातली पाडसं तीन-चार महिन्यांची झालेली असतात, आयांच्या मागून चालतात. आणि जवळपास रांगेत उभे असलेले जुने आंबे दिसले, तर तेही बघून घ्या. ते कुणाच्या तरी अंगणातले आहेत.